चौथ्या चालीतला घोडा

क्लबच्या अंतिम सामन्यात तिची गाठ बाबांशीच पडली. बुद्धिबळ त्यांनीच शिकवलेलं; सांगितलेल्याच चाली खेळायच्या, हा दंडक होता. आज तिने चौथ्याच चालीत प्याद्यासाठी घोडा देऊन टाकला. बाबा हसले. "डोकं ठिकाणावर आहे का?" पण तिची प्यादी पुढे घुसत राहिली, बाबांचे घोडे मागे हटत राहिले. हा हल्ला ती ग्रंथालयात चोरून शिकली होती. विसाव्या चालीला त्यांचा राजा उघडा पडला. बाबांच्या कपाळावरची शीर तटतटली. "घरी चल, मग बघतो," ते पुटपुटले. तिने वजीर सरकवला. मात अटळ होती. सगळे बघत होते, म्हणून बाबांनी हस्तांदोलनासाठी हात उचलला. तिने झटकन दोन्ही हातांनी चेहरा झाकला. टाळ्या वाजल्याच नाहीत. पंच उठले आणि खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसले.