जेवायला थांब

"ती पट्टी आधी काढून टाका," वहिनीनं दारातच सांगितलं. टीव्हीवर कुठलाही चॅनल लावा, खाली तीच ओळ होती: 'आई, निघालो. जेवायला थांब.'

सेट-टॉप बॉक्सला काहीच झालेलं नव्हतं. केबलच्या कंट्रोल रूममधून एखाद्या बॉक्सच्या नंबरवर संदेश सोडला, की तिथून थांबवेपर्यंत तो बॉक्स इमानेइतबारे तेच दाखवत राहतो. बंद करून चालू केला तरी पुन्हा तेच. मी आणि वहिनीचा नवरा त्याच कंट्रोल रूममध्ये कामाला. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, ऐकू कमी येतं, फोनचा उपयोग नाही. म्हणून ड्यूटी संपली की तो आईच्या बॉक्सवर ही ओळ सोडायचा. घरी पोचला की मला फोन करायचा, "काढ रे पट्टी." मी चार शिव्या घालून काढायचो.

गेल्या महिन्यात तो फोन आलाच नाही. चौकात ट्रकनं उडवलं त्याला. नंतरच्या धावपळीत पट्टीचं मला भानच राहिलं नाही.

"आई ताटावर बसतच नाहीत," वहिनी म्हणाली. "नुसत्या त्या ओळीकडे बघत राहतात."

मी कंट्रोल रूमला फोन लावला. काकूंनी माझ्या हातातला फोन पाहिला, आणि लगबगीनं उठून त्या टीव्हीसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"नको रे बाळा," त्या म्हणाल्या. "पट्टी आहे तोवर तो वाटेत तरी आहे."