यंत्र कसं ओळखावं

"ह्याला माणूस म्हणायचं का, तूच सांग." वीरेंद्रने लॅपटॉप बायकोपुढे सरकवला.

रेणूने पदराला हात पुसले आणि वाचलं. 'बाबू, आमच्या बचत गटाची साईट मोबाईलवर मुंगीवानी बारीक दिसते. काऊन? – अनुसयाबाई, देवरी.'

"माझ्या ब्लॉगवर मागच्या नोंदीखाली हेच. त्याच्या मागच्या नोंदीखाली हेच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"मंग देऊन टाका ना उत्तर."

"असल्यांना? मी काय पंक्चरचं दुकान टाकलंय?"

पुण्यात शिकून आल्यापासून वीरेंद्र रहांगडाले घरातही पुणेरी बोलायचा. गोंदियात बसून तो नागपूरच्या एका कंपनीचं काम करी आणि उरल्या वेळात आपल्या संकेतस्थळावर नोंदी लिही. नोंदी वेब तंत्रज्ञानावर असत, म्हणजे इतरांच्या मूर्खपणावर. नवं फ्रेमवर्क आलं की त्यामागे धावणारी मेंढरं. तयार साचा विकत घेऊन स्वतःला डेव्हलपर म्हणवणारे भुरटे. गावातल्या दुकानदारांच्या वेबसाईट म्हणजे उकिरडे. त्याचे स्वतःचे प्रोजेक्टही होते: धानाच्या भावाचं ॲप, इकडच्या झाडीबोलीत लिहिण्याचा कीबोर्ड. सगळे अर्ध्यावर सोडलेले. वापरणाऱ्यांची लायकी नाही, असं त्याने एका नोंदीत लिहूनही टाकलं होतं.

तरी वाचक वाढतच होते. नोंद टाकायची खोटी, खाली कौतुकाची रांग लागे. 'सर, असं परखड लिहायला छाती लागते.' 'सर, डोळे उघडलेत.' तो ती वाक्यं रेणूला मोठ्याने वाचून दाखवी. ती भाजी निवडता निवडता ऐके.

त्या दिवशी त्याने 'यंत्र कसं ओळखावं' ही नोंद लिहिली. खरा माणूस एकदा अपमान झाला की परत फिरकत नाही. जे पुन्हा पुन्हा येतं, तेच ते विचारतं, ते यंत्र. नमुना म्हणून त्याने अनुसयाबाईचा प्रश्न नावगावासकट चिकटवला, खाली 'मुंगीवानी' या शब्दावर एक विनोद केला, आणि तिला तिथे लिहायला बंदी घातली.

इतकं कौतुक कुठल्याच नोंदीला मिळालं नव्हतं.

"खरीच बाई असली तं?" रेणूने विचारलं.

"देवरीच्या जंगलात बसून कोणती बाई माझ्या नोंदी वाचणार आहे?"

"वाचत असन. तिचं काम अडलं असन."

"तुला यातलं काही कळत नाही."

रेणू उठून स्वयंपाकघरात गेली. तिला त्यातलं कळत नव्हतं हे खरंच होतं.

महिन्याभरात त्याने कंपनीचा राजीनामा दिला. तिथल्या गाढवांना शहाणं करण्यापेक्षा आपल्या वाचकांसाठी स्वतःचा वर्ग काढायचा, असं त्याने ठरवलं. सुरुवात म्हणून वाचकांची बैठक जाहीर केली: रविवारी सकाळी, नागरा रोडवरच्या सभागृहात. 'नक्की येणार, सर' असे निरोप धडाधड आले.

"एखाद्याले फोन तं लावून पाहा," रेणू म्हणाली.

"ते काय लग्नाचे पाहुणे आहेत?"

रविवारी खुर्च्या मांडल्या गेल्या. प्रोजेक्टर लागला. त्याच्या नावाचं बॅनर लागलं. तर्री-पोह्यांचं मोठं पातेलं आलं. वीरेंद्र इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा राहिला.

वेळ टळली. "रायपूरकडची गाडी लेट असेल," तो म्हणाला. आणखी वेळ गेला. तर्रीच्या रश्श्यावर तेलाचा थर धरला. रेणूने पातेल्यावर झाकण ठेवलं.

तेवढ्यात एक बाई पायऱ्या चढून आली. खांद्याला कापडी पिशवी, हातात मोबाईल, चपला धुळीने माखलेल्या.

"नोंदीवाले बाबू इथंच हायेत का?"

"आपण?"

"मी अनुसयाबाई. देवरीहून आली. बसमंधी जागा नोहती, उभ्यानंच आली."

वीरेंद्रने रेणूकडे पाहिलं नाही. रेणू त्याच्याकडेच पाहत होती.

"दर वेळी तोच प्रश्न विचारणाऱ्या... तुम्हीच?"

"उत्तर नाही भेटलं तं प्रश्न कायले बदलवू?"

"मी तुमच्याबद्दल लिहिलं होतं. वाचलंत?"

"वाचलं. लय हासले असतीन लोक." तिने खुर्ची ओढून घेतली. "मंग तिथं लिहूच देऊन नाही राहिलं, म्हनून येऊनच गेली. मोहाचे लाडू, चारोळी, आमच्या गटाच्या बाया जीव तोडून माल बनवतेत. साईट बनवनारा पोरगा रायपूरले निघून गेला. गिऱ्हाइकाले काही वाचताच येत नाही. तुमी शिव्या देता, पन काम येते तुमाले, असं वाटलं."

त्याने तिच्या हातातला मोबाईल घेतला. पानाच्या कोडमध्ये अगदी वर, 'मोबाईलच्या मापात दाखव' असं सांगणारी एक ओळ लिहायची राहून गेली होती. एवढंच. पहिल्याच दिवशी तो ती सांगू शकला असता.

"होऊन जाईल," तो म्हणाला. "आजच."

रेणूने तिला पोहे वाढले. अनुसयाबाई भुकेली होती. तिने मान खाली घालून अर्धी ताटली संपवली, मग सभागृहभर नजर फिरवली.

"बाकीचे लोक कुठी हायेत?"

"येतच असतील," वीरेंद्र म्हणाला आणि बाजूला जाऊन त्याने आपल्या संकेतस्थळावर लिहिलं: 'सभागृहात थांबलो आहे. खुर्च्या रिकाम्या आहेत. सगळे कुठे आहात?'

बोट उचलतो न उचलतो तोच फोन थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना.

"आले, उत्तरं आले!" रेणू जवळ येऊन वाकली.

पहिलं उत्तर होतं: 'वा सर! रिकाम्या खुर्च्यांवर इतकं मार्मिक आजवर कोणी लिहिलं नव्हतं.' त्याखाली दुसऱ्या नावाने तेच वाक्य होतं, त्याखाली तिसऱ्या नावाने, आणि वीरेंद्रचा अंगठा थकेपर्यंत खाली तेच होतं.