आधी काकूंचं ताट

“मॅडम, हिला घेऊन जा. माझ्या हातच्या अन्नाला ही शिवत नाही,” गवंडीकाकू म्हणाल्या. वाढलेलं ताट तसंच होतं आणि सहा वर्षांची तेजू भिंतीकडे तोंड करून बसली होती. आई गेल्यापासून तिला सांभाळायला दिलेलं हे तिसरं घर.

आमच्या संस्थेत आता मुलांसाठी घरं एआय सुचवतं. मी मोबाइल काढून वैतागून लिहिलं, ‘हिच्यासाठी दुसरं घर सुचव.’ त्याने तिन्ही घरांमधल्या माझ्या भेटींचे अहवाल वाचले आणि लगेच उत्तर दिलं, ‘घर बदलू नका. घरातली बाई शेजारी बसून जेवत होती, तेव्हाच ही मुलगी जेवली आहे. आधी काकूंना जेवायला बसवा.’

अहवाल माझेच, पण हे मला जन्मात सुचलं नसतं.

“पोरीच्या आधी मी जेवू?” काकू भडकल्या. “आमच्यात असलं चालत नाही.”

“आजचा दिवस. माझ्यासाठी.”

काकूंनी नाइलाजाने ताट वाढून घेतलं, भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला. तेजूने वळून पाहिलं. मग आपलं ताट सरकवत ती त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकली आणि जेवू लागली.

“मग आधीच का नाही जेवलीस गं?” काकूंनी विचारलं.

“आई मला वाढायची आणि म्हणायची, तू जेव, मला भूक नाही,” तेजू म्हणाली. “खोटं बोलायची.”

काकूंनी दुरडीतली आणखी एक भाकरी उचलली आणि स्वतःच्याच ताटात वाढली.