राजवाड्याची रीत

"शेजार निवडून मिळत नाही, पोरी. मिळाला तो सांभाळायचा."

जालन्याच्या चर्चमध्ये पाळक असलेल्या वडिलांचा हा आवाज मृदुलेला रोज भात उतरवताना ऐकू यायचा. ते जाऊन वर्षं लोटली. आवाज मात्र म्हैसूरच्या बोगादी भागातल्या या घरापर्यंत मागं मागं आला होता. पाय उचलत नसायचा, तरी ती ताट झाकून शेजारी जायची.

शेजारी अंबुबाई. जुन्या म्हैसूरच्या शिपाई घराण्यातल्या. गेल्या आषाढात 'कंबर गेली' म्हणून त्यांनी अंथरूण धरलं, ते धरलंच. मुलगा भुवन दुसऱ्या गावी, हुणसूरला. सकाळी कामवाली उरकून जायची. जेवणाचं मृदुलेकडे आलं. विजय, तिचा नवरा, तेव्हा नुकताच गेला होता. स्वतःचंच आवरेना, त्यात हे.

"आलीस? सारात आज तरी मीठ आहे ना?"

"आहे, अक्का."

"मग आधी तू जेव. इथं, माझ्यासमोर."

पहिल्या दिवशी मृदुला चमकली होती. अंबुबाई म्हणाल्या होत्या, "आमचे आजे राजवाड्यावर पहाऱ्याला. बाहेरचं अन्न आलं, की आणणारानं आधी खायचं. रीत आहे."

तिनं एक घास घेतला होता.

"अय्यो, एका घासानं काय कळतंय? पोटभर खा."

तेव्हापासून मृदुला खाली मान घालून जेवायची. भाताबरोबर अपमान गिळायची. रविवारी प्रार्थनेत दुसरं काही मागत नसे. एवढा राग तेवढा काढून घे, म्हणायची.

आज सकाळी पुण्याहून आभाचा फोन आला. "आई, बाळंतपणाला तूच हवीस. मग इथंच राहा."

"अक्कांना कुणाच्या गळ्यात घालू?"

"म्हणजे शेजारीण सख्खी, नि मी परकी." फोन बंद झाला.

दुपारी मृदुला अक्कांकडे डावानं भात वाढत होती.

"भिंत पातळ आहे," अंबुबाई म्हणाल्या. "ऐकलं सगळं. जा की मग लेकीकडं."

"तुम्हाला टाकून? देवाला काय तोंड दाखवू?"

"तुझ्या देवाला दुसरं कुणी सापडत नाही वाटतं!"

मृदुला हसली नाही. भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. दमलेल्या बाईचे डोळे, मिटले तरी झोपत नाहीत.

अंबुबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"साकु," त्या कानडीत म्हणाल्या. "पुरे झालं हे."

त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. उठल्या. कशाचाही आधार न घेता तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि कॉफीला दूध ठेवलं.

मृदुलेच्या हातातला डाव तसाच राहिला. "अक्का! तुम्ही चालता? कधीपासून?"

"थांबले कधी होते?"

"वर्षभर मी गुडघे धरून रांधतेय, आणि तुम्ही मजेत लोळत होता?" मृदुलेचा आवाज फाटला. "का? माझं काय वाकडं केलं होतं मी?"

अंबुबाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या. दूध वर आलं, त्यांनी गॅस बारीक केला.

"विजय गेला, नि तुझ्या घरातला कुकर वाजेना. मी डबा घेऊन आले, तर दार उघडलं नाहीस. स्वतःसाठी तू उठणार नव्हतीस, मृदुला. म्हणून मी निजले."