काठावरचं भजन

गुरुलिंगअप्पांनी विहिरीच्या काठावर मांडी घातली, मान आत घातली आणि खड्या आवाजात नाम घेतलं, "शिव शिव शंभो!"

खालून, काळोखातून, केरबाचं उत्तर आलं, "जी रं जी!"

दोर धरलेले तिघं गडी खुदकन हसले. वरून कीर्तनातलं नाम अन् खालून पोवाड्यातलं जी, असला मेळ त्यांनी कुठं ऐकला नव्हता.

"अप्पा, विहिरीत देव पडलाय का तुमचा?" मुकादम रामकिशन लांबूनच ओरडला. "त्याला काम करू द्या. उद्या नव्या जिल्ह्याचे सायेब येऊन राहिले. गाळ न्हाई निघाला तर माझं कातडं निघंल."

जिल्हा नवा झाला होता, पाऊस मात्र जुनी वाटही विसरला होता. गावात रेणापूरच्या रस्त्याकडची ही एवढीच पडीक विहीर राहिली होती. झरा असलाच तर तिच्या गाळाखाली. सकाळी कंदील सोडून पाहिला, तो न विझता वर आला. म्हणून केरबा उतरला. पण गाळावर पहिलं फावडं पडलं तसे कपारीतले पारवे भर्रकन उडाले, ते अजून परतले नव्हते. अप्पांची नजर फिरून फिरून त्या रिकाम्या कपारींकडं जात होती. गाळ हलला की खालची कोंडलेली हवा उठते, अन् ती काही कंदिलाला विचारून उठत नाही.

हे त्यांना शिकवलं होतं त्यांच्या बरोबरीच्या मन्मथनं.

मागच्या मोठ्या दुष्काळात गावोगाव विहिरी खोदणं चालू होतं, तेव्हाची गोष्ट. माणूस खाली उतरला की मन्मथ काठावर बसून गायला लागायचा. खालच्यानं साथ द्यायची. साथ येतेय तोवर माणूस ठीक आहे. उतरणारा कुठल्या देवाचा, कुठल्या आळीचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. "देवाचं नाव मी घेतो की. तू नुसतं जी म्हण. जी म्हणायला कुणाचं काय जातंय?" असं म्हणून हसायचा. लग्नसुद्धा व्हायचं होतं गड्याचं.

एक दिवस खालचं जी थांबलं. तेव्हा उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायची पद्धत नव्हती. मन्मथ स्वतःला दोर बांधून उतरला, अन् तोच दोर सोडून त्यानं निपचित पडलेल्या माणसाच्या काखेत बांधला. खालून ओरडला, "गुरुलिंगा, जी थांबायची वाट नगं बघू... मागं पडलं की... ओढ." सांगता सांगता त्याचंच बोलणं मागं पडत होतं. दोराला लागून जिवंत वर आला तो हा रामकिशन. मन्मथला काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या दिवसाचं कुणी काढलं की रामकिशन म्हणायचा, "मला काय आठवत न्हाई." विहिरीच्या काठाशी मात्र तो पुन्हा कधी उभा राहिला नाही.

"शिव शिव शंभो!"

"जी रं... जी."

अप्पांचं बोट दगडावर ठेका धरून होतं. जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला. डुलकी लागलेल्या टाळकऱ्याचा टाळ कसा वाजतो, ते त्यांना पाठ होतं. वाजतो, पण मृदंगाच्या मागून वाजतो. केरबाचं जी तसं आलं.

"ओढा," अप्पा म्हणाले.

"आता का? जी तर म्हणून राहिला की," एक गडी म्हणाला आणि त्यानं मुकादमाकडं पाहिलं.

"दमला असंल," रामकिशन म्हणाला. "सकाळपासून गाळात हाय. अप्पा, तुमच्या तालापायी काम बंद पाडू का मी?"

केरबाची बायको पंचशीला गाळाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. ती थबकली. "अप्पा? काय झालं?"

अप्पा पार आत वाकले. "शिव शिव शंभो!"

विहीर गप्प. मग खूप खालून, जणू दुसऱ्याच कुणाच्या दारातून, "...जी."

पंचशीलानं पाटी फेकली अन् दोराला हात घातला. तिचं तोंड पाहून गड्यांनी मुकादमाला विचारलं नाही. दोर करकरला. कप्पी ओरडली.

केरबा वर आला तो डोळे उघडे ठेवून. कमरेपर्यंत काळा चिखल. पंचशीलानं प्यायची घागर त्याच्या तोंडावर उपडी केली. तो शिंकला, डोकं झाडलं, उठून बसला.

गड्यांच्या जिवात जीव आला. एकजण हसून म्हणाला, "धडधाकट तर हाय! उगंच आमची दमछाक."

"झालं समाधान, अप्पा?" रामकिशन जवळ येत म्हणाला. "आता उतरू द्या त्याला."

केरबा रुसलेल्या पोरासारखा अप्पांकडं बघत होता.

"कशाला ओढलं ओ अप्पा?" तो म्हणाला. "आत्ताच कुठं बरं वाटून राहिलं होतं. गार गार. ऊन न्हाई, भूक न्हाई. कुणी पाठीवरून हात फिरवावा, तसं. लई गोड नीज येऊन राहिली होती."

गड्याचं हसू ओठावरच राहिलं. पंचशीलानं नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

रामकिशन केरबासमोर खाली बसला. 

"हाव," तो हळूच म्हणाला. "तसंच वाटतं."