सगळे खाली, ग्रहण बघायला

“गच्ची असताना मैदान कशाला?” पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार अर्धंच उघडलं होतं. खांद्यावरच्या तान्ह्या बाळाचा नुकता कुठे डोळा लागत होता.

“टाकीची सावली पडते वहिनी. शिवाय सगळ्यांच्या माना वर आणि कठडा गुडघ्याएवढा. मैदानात कसं, पडलं तरी गवतावर.”

हे सांगणाऱ्या बाईचं खरं नाव इमारतीत कोणाच्या लक्षात नव्हतं. दिवसा ती एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढायची आणि संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीत बसायची, म्हणून ती चांदणी. शनीची कडी दाखवायला तिने लोकांना जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं. त्यामुळे आज सुट्टीच्या दिवशी सूर्याला खंडग्रास ग्रहण लागणार म्हटल्यावर ती सकाळपासून दारोदार फिरत होती, याचं कोणाला नवल वाटलं नाही.

“पण बाळाला घेऊन उन्हात?”

“झाडाखाली चटई घातलीय. पाळणा मी उचलते. तुम्ही दूध, दुपटी, औषधं, सगळं घ्या. वेळ लागेल.”

“ग्रहण बघायला नेतेस की घर बदलायला?” वहिनी म्हणाल्या.

चांदणी हसली आणि पाळणा उचलून जिना उतरूसुद्धा लागली.

मैदान रस्त्यापलीकडेच होतं. हळूहळू सगळी बिऱ्हाडं जमली. चांदणी ग्रहणाचे चष्मे एकेक करून तपासून देत होती. ओरखडा दिसला की चष्मा बाद. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी एक्स-रेची फिल्म आणली होती, ती तिने काढून घेतली.

“यातून हाडं बघा, सूर्य नको. डोळ्याला आतून चटका बसतो आणि दुखतसुद्धा नाही, तेच वाईट.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती बाजूला गेली. “निघालात का? लवकर या हो. नाही, अजून एक घर बाकी आहे.”

“कोण गं?” वहिनींनी विचारलं.

“मोठी दुर्बीण घेऊन येतायत,” असं म्हणून ती पुन्हा इमारतीकडे निघाली. अगदी वरच्या मजल्यावर कंडक्टर आजोबा अडून बसले होते.

आजींनी दार दोन हिसके देऊन उघडलं. “सकाळपासून अडतंय मेलं,” त्या म्हणाल्या.

आजोबा खुर्चीतून हलले नाहीत. “मी कान पकडलेत. पावसाळ्यात तू अशीच सगळ्यांना खाली पळवलंस. पडेल, पडेल म्हणालीस. काय पडलं? नुसता पाऊस. दिवसभर भिजलो आणि आठवडाभर शिंकलो.”

“तेव्हा माझा अंदाज चुकला, आजोबा.”

“आजही चुकेल. जा तू.”

चांदणी त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. तिला धाप लागली होती. “आयुष्यभर तुम्ही लोकांना बसमधून नीट खाली उतरवलंत. आज एकदा माझ्यासाठी उतरा. परत कध्धी सांगायला येणार नाही.”

आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “अगं, ग्रहणासाठी कोणी रडतं का?”

“मी रडते.”

“वेडी आहेस,” असं म्हणत ते उठले. आजींनी कुलूप शोधायला घेतलं, तर चांदणीने “राहू द्या हो” म्हणून त्यांचा हात धरला. गुडघे धरून उतरताना प्रत्येक वळणावर आजोबा म्हणत होते, “पुढे सरका, मागच्यांना उतरू द्या.” चांदणी त्यांना जवळजवळ खांद्यावर पेलत होती. रस्ता ओलांडून त्यांचे पाय गवताला लागले, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

“एवढ्यात दमलीस?” आजोबा म्हणाले आणि चष्मा लावून वर बघू लागले. मग म्हणाले, “अरेच्चा. सूर्याचं तिकीट पंच केलंय कोणीतरी.”

सगळं मैदान हसलं. पानांच्या फटींतून उतरलेले कवडसे आता गोल नव्हते. चटईवर, पाळण्यावर, बाळाच्या पोटावर लहान लहान चंद्रकोरी हलत होत्या. आजींनी वहिनींच्या सामानात आलेला झारा मागून घेतला आणि त्याच्या भोकांतून जमिनीवर कोरींची रांगोळी पाडली. चष्मे हातोहात फिरत होते.

“तू नाही बघत?” वहिनींनी चांदणीला विचारलं. “वर्षभर याचीच वाट बघत होतीस ना?”

“बघते की.”

पण ती सूर्याकडे पाठ करून उभी होती. माणसांवरून पुन्हा पुन्हा नजर फिरवत होती. शिंपीकाका, त्यांची बायको, दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, आजी, आजोबा, बाळ. सगळे होते.

“मी पटकन वर जाऊन चहा टाकते सगळ्यांना,” वहिनी उठल्या.

“नको.” चांदणीने त्यांचा दंड इतका घट्ट धरला की त्या चमकल्या. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आत्ता नको वहिनी. ऐन रंगात आलंय. बसा ना.”

वहिनी बसल्या. कोपऱ्यावरून अग्निशमन दलाच्या दोन गाड्या वळल्या. चांदणीने हात वर करून त्यांना मैदानाच्या अलीकडेच थांबवलं.

“ही तुझी दुर्बीण?” आजोबांनी विचारलं.

पायांखालची जमीन थरथरली, तशा वर गेलेल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. रस्त्यापलीकडे एकेक मजला खालच्या मजल्यावर बसत गेला, आणि धूळ विरली तेव्हा त्यांची घरं होती तिथे नुसतं आभाळ होतं.