खोट्या आगीतली हाक

करंदीकर साहेबांनी हिलालच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि धुळ्याच्या भर दुपारी त्याच्यापुढे मिट्ट अंधार झाला. चष्मा वेल्डिंगवाल्याचा होता, काचांना काळा रंग फासलेला.

"आता समजायचं, घर पेटलंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

टेपमधून आग पेटली. लाकडं तडतडली, पत्रे वाजले, कुठेतरी काच फुटली. बंबावरच्या जवानांना शिकवायला नाशिकहून येताना साहेबांनी ही कॅसेट आणली होती, कुठल्याशा खऱ्या आगीत भरलेली म्हणे. अग्निशामक केंद्रामागचं पाडायला काढलेलं रिकामं क्वार्टर, काळा चष्मा आणि ही कॅसेट, एवढ्या भांडवलावर साहेब धडधाकट माणसाला घाम फोडत होते. आत लपलेलं माणूस जो शोधून आणील, त्याला पुढच्या खऱ्या आगीत आत जायला मिळणार होतं. जो चुकेल तो बंबाच्या पंपावर. हिलालला पंप नको होता. त्याला आत जायचं होतं.

सकाळी आत भुशाचं पोतं लपवून झालं होतं. "पोतं काही ओ देत नाही, खरं माणूस हवं," असं साहेब म्हणाले, तेव्हा हिलालनेच मोठ्या तोऱ्यात आपल्या बायकोचं नाव पुढे केलं. पुष्पाबाईला विचारावं हे त्याच्या गावीही नव्हतं. नियम सोपा होता: याने हाक मारायची, तिने ओ द्यायची, याने आवाजाच्या रोखाने जायचं.

हिलाल भिंत चाचपत आत शिरला.

"कोणी शे का मझार?"

आग तडतडत होती. त्याने पुढची खोली पालथी घातली, मधल्या खोलीच्या दाराला कपाळ आपटून घेतलं, मोरीत पाय घसरला. पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. घसा बसला, पण ओ काही आली नाही. शेवटी तो बाहेर आला आणि त्याने खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "साहेब, घर रिकामं आहे."

साहेब स्वतः आत जाऊन आले. त्यांच्या मागोमाग पुष्पाबाई बाहेर आली. मधल्या खोलीच्या दाराआड बसली होती. हिलालने कपाळ आपटलं त्याच दाराआड.

बाकीचे जवान पोट धरधरून हसले. हिलालने चष्मा ओढून काढला.

"का व, बोलनी का नही?"

तिने पदर पुढे ओढला आणि हनुवटीनेच आवारातल्या निंबाच्या झाडाकडे दाखवलं.

"आबा उभा शेतस ना तठे. मी कशी आरडू?"

निंबाखाली लोटन आबा उभे होते, तिचे सासरे. पोरगा सरकारी बंबावर काय करतो ते बघायला शिंदखेड्याहून मुद्दाम आलेले. लग्न झाल्यापासून पुष्पाबाईचा चढा आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता. भाकरी वाढू का, हेसुद्धा ती पोरांच्या तोंडून विचारायची.

जवान आणखी हसले. साहेब हसले नाहीत.

"आणि बाई, खरंच घर पेटलं असतं तर?"

पुष्पाबाईने प्रश्न नीट मनावर घेतला. थोडा विचार केला.

"तवयबी आबा तठेच ऱ्हातीन ना," ती म्हणाली.

हसणं थांबलं. घर रिकामं आहे, हे आपणच सांगितलं होतं, तेही छाती फुगवून. आग खरी असती तर त्या शब्दावर सगळ्यांनी नळ्या शेजारच्या घराकडे वळवल्या असत्या, आणि ही दाराआड तशीच बसून राहिली असती, तोंडाला पदर लावून. त्याला तिचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. भीती वाटली. सकाळपासून पहिल्यांदाच वाटली.

निंबाखालून आबा चालत आले. सुनेकडे बघायचं नाही म्हणून क्वार्टरच्या भिंतीकडे बघत बोलले.

"पोरी, आरड तू. मी कान झाकी लेस."

आणि ते पुन्हा निंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले, दोन्ही तळवे कानांवर दाबून.

साहेबांनी कॅसेट उलटी फिरवून घेतली. चष्मा चढला. आग पेटली. पुष्पाबाई या खेपेला कुठे लपली होती कोण जाणे.

"ए… आयकस का?" हिलालने हाक दिली. बापासमोर बायकोचं नाव त्याच्याही तोंडून निघत नव्हतं.

आत काहीच हललं नाही.

"बाई, नवऱ्याच्या नावाने हाक मारा!" साहेब बाहेरून ओरडले.

झालं! कान झाकून सासऱ्याची सोय झाली होती, पण नवऱ्याचं नाव? ते तर तिने उखाण्यातही चारदा अडखळत घेतलं होतं. हिलाल अंधारात थबकला. डावीकडे जावं की उजवीकडे, कळेना. टेपमधली काच पुन्हा फुटली.

"आबा!"

आवाज बारीक होता. मग एकाएकी सगळा घसा मोकळा करून आला, "आबा ओ! आबा!"

डावीकडून. मोरीतून. हिलाल भिंतीला खांदा घासत धावला. हाताला आधी बांगड्या लागल्या, मग मनगट. त्याने ते घट्ट धरलं आणि तिला ओढत, आला होता त्याच वाटेने निघाला. दारात मात्र तो कुणावर तरी जोरात आदळला.

त्याने चष्मा वर केला.

उंबऱ्याच्या आत आबा उभे होते. धाप लागली होती, टोपी पडली होती, एक वहाण निंबाखालीच राहिली होती. दोन्ही हात मात्र अजून कानांवरच होते.